हौशी रेडिओतील डिजिटल व्हॉइस: मुंबईतील ओसरता वापर

छंद म्हणून परवाना घेऊन चालवलेल्या हौशी, म्हणजेच हॅम, रेडिओ केंद्रावरून बोललेल्या आवाजाचे बिटांमध्ये रूपांतर करून तो प्रक्षेपित करण्याच्या पद्धतींना डिजिटल व्हॉइस म्हणतात. डी-स्टार, डीएमआर आणि सी४एफएम या त्यांतील तीन प्रमुख पद्धती होत. भारतात हॅम परवाना दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (वायरलेस नियोजन व समन्वय) शाखेकडून मिळतो, कॉलसाइन (केंद्राचे ओळखनाव) बहुधा व्हीयू२ किंवा व्हीयू३ने सुरू होते आणि डिजिटल व्हॉइसचा बहुतेक कारभार १४४ ते १४६ व ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांत चालतो. मुंबई, ठाणे, डोंबिवली, नवी मुंबई या पट्ट्यातील हॅम मंडळींना या पद्धतींची ओढ लागण्याचे आणि पुढे ती ओसरण्याचे मुख्य कारण एकच आहे: बोलणे हवेतून कमी आणि इंटरनेटवरून जास्त जाऊ लागले.

तंत्र

साध्या एफएममध्ये मायक्रोफोनपाशी आलेला आवाज जसाच्या तसा वाहक लहरीवर चढतो. डिजिटल पद्धतीत मध्ये व्होकोडर येतो. दर २० मिलिसेकंदांनी तो बोलण्यातून स्वराची उंची, घोष-अघोषपणा आणि कोणत्या वारंवारतेला किती जोर आहे एवढीच माहिती काढून घेतो. पलीकडचा संच त्या माहितीवरून बोलणे नव्याने घडवतो. डी-स्टारमध्ये असा एक तुकडा ४८ बिटांचा असतो, म्हणजे सेकंदाला २,४०० बिट. डिजिटल टेलिफोन एक्स्चेंज त्याच बोलण्यावर ६४,००० बिट खर्च करते. या काटकसरीमुळे चूक-दुरुस्तीचे बिट, पाठवणाऱ्याचे कॉलसाइन आणि थोडी इतर माहिती धरूनही डी-स्टारला ६.२५ किलोहर्ट्झची जागा पुरते. रूढ एफएमला त्याच्या दुपटीहून अधिक जागा लागते.

किंमत मोजावी लागते ती कानाला. व्होकोडरला माणसाचे बोलणे तेवढे कळते. दादरच्या पुलावर हँडी, म्हणजे हातातला संच, घेऊन बोलत असताना खालून फास्ट लोकल भोंगा वाजवत गेली, तर एफएमवर भोंगाही ऐकू येतो आणि माणूसही. डिजिटलवर व्होकोडर भोंग्यालाही बोलणे समजून त्याची नक्कल करू पाहतो आणि दोन्हींचा चिवडा होतो. सिग्नल क्षीण झाल्यावरचा फरक याहून मोठा. एफएमवर खरखर हळूहळू वाढते आणि सरावलेला कान त्या खरखरीतूनही कॉलसाइन वेचून काढतो. डिजिटल आवाज जवळजवळ शेवटपर्यंत स्वच्छ राहतो, मग अचानक पाण्यात बुडबुडे काढल्यासारखा होतो आणि तुटतो. उंच इमारतींवरून आपटून येणाऱ्या लहरी मुंबईत सगळीकडे असल्याने हा अनुभव इथल्या हॅमना जरा जास्तच येतो. खिडकीपाशी नीट ऐकू येणारा संच स्वयंपाकघरात नेला की मुका होतो.

या तिन्ही पद्धतींमधला एएमबीई जातीचा व्होकोडर डीव्हीएसआय या अमेरिकी कंपनीचा. त्याची चिप विकत घ्यायची, आत काय चालते ते पाहायचे नाही. लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरून, ट्रान्झिस्टर, कॉइल आणि क्रिस्टल आणून स्वतः संच बांधणाऱ्यांची मुंबईत मोठी परंपरा आहे. त्या सोल्डरिंग आयर्नला इथे काम उरले नाही. जुन्या मंडळींनी डिजिटलकडे पाठ फिरवली याचे खापर अनेकदा त्यांच्या वयावर फोडले जाते, ते बरोबर नाही. बंद डब्याबद्दलची त्यांची तक्रार रास्त होती.

तीन चुली

डी-स्टार जपानच्या हौशी रेडिओ संघटनेने, जेएआरएलने, विकसित केली. तिचे विनिर्देश २००१च्या सुमारास प्रसिद्ध झाले आणि संच मुख्यतः आयकॉमने बनवले. डीएमआर हे ईटीएसआय या युरोपीय संस्थेचे २००५मधले मानक असून ते मुळात टॅक्सी, कारखाने आणि सुरक्षारक्षकांसाठी होते. त्यात १२.५ किलोहर्ट्झच्या एकाच चॅनेलचे काळाच्या हिशेबाने दोन भाग करतात. प्रत्येक भाग ३० मिलिसेकंदांचा असल्याने एका रिपीटरवरून, म्हणजे आलेला सिग्नल उंचावरून पुन्हा सोडणाऱ्या केंद्रावरून, दोन संभाषणे एकाच वेळी चालतात. याएसूने २०१३मध्ये सी४एफएमवर आधारलेली सिस्टम फ्यूजन आणली.

या तिन्हींचे संच एकमेकांशी थेट बोलू शकत नाहीत. लाखभर हॅम असलेल्या देशाला ही चैन परवडते. मुंबईत मुळात मोजके परवानाधारक, त्यातले रोज संच चालू करणारे आणखी थोडे, आणि त्यांच्याही तीन चुली. आयकॉमचा महाग संच घेतलेल्याला चिनी डीएमआर घेतलेला शेजारी ऐकू येत नव्हता. दोघांनाही एकमेकांशी बोलायचे तर शेवटी एफएमवर यावे लागे. याएसूच्या रिपीटरमध्ये एफएम आणि डिजिटल दोन्ही ओळखण्याची सोय असते. अमेरिकेत असे अनेक रिपीटर काय आले ते न पाहता बाहेर फक्त एफएम सोडण्यासाठी लावले गेले, यातच बरेच काही आले.

गच्ची आणि हॉटस्पॉट

मुंबईत डिजिटल व्हॉइस रुजली ती हाउसिंग सोसायटीमुळे, असे म्हटले तरी चालेल. हॅमला लागते अँटेना, अँटेनाला लागते गच्ची, आणि गच्चीची किल्ली असते सेक्रेटरीकडे. वीज पडेल, गच्ची गळेल, टीव्ही बिघडेल, बाजूच्या विंगला किरणोत्सर्ग होईल, या हरकती सर्वसाधारण सभेत पिढ्यान्‌पिढ्या मांडल्या गेल्या आहेत. परवाना खिशात असूनही संच कपाटात, अशी कित्येकांची अवस्था होती.

त्यांच्या हाती हॉटस्पॉट आला. रास्पबेरी पाय झिरोसारख्या छोट्या संगणकावर एमएमडीव्हीएम जातीचे रेडिओ बोर्ड आणि बोटाएवढी अँटेना बसवली, त्यात पाय-स्टार नावाची प्रणाली घातली आणि घरच्या वायफायला जोडले की स्वतःचा खासगी रिपीटर तयार. शक्ती साधारण १० मिलिवॉट, म्हणजे जेमतेम घरापुरती. ब्रँडमाइस्टर या इंटरनेटवरच्या जाळ्यात बोलण्याच्या गटांना, म्हणजे टॉकग्रुपना, क्रमांक असतात: ९१ हा जागतिक, ४०४ हा भारताचा. डोंबिवलीच्या वन-बीएचकेमधला माणूस गॅलरीत बसून न्यू जर्सी किंवा दुबईतल्या मराठी हॅमशी गप्पा मारू लागला आणि सेक्रेटरीला पत्ताही लागला नाही. सोसायटीत राहणाऱ्या हॅमची इतकी सोय आधीच्या कुठल्याही उपकरणाने केली नव्हती.

त्याच सोयीने रिपीटर ओस पडले. उंच जागेवरच्या रिपीटरवर गर्दी असते तेव्हा नवखा माणूस नुसता ऐकत बसतो, सकाळच्या नेटला, म्हणजे ठरल्या वेळी हवेत भरणाऱ्या बैठकीला, आपले कॉलसाइन देतो, हळूहळू लोक ओळखीचे होतात. प्रत्येकाने घरात आपापला हॉटस्पॉट लावल्यावर हवेत ऐकण्यासारखे काही उरले नाही. शिवाय खोलीतल्या हँडीपासून हातभर अंतरावरच्या डब्यापर्यंत रेडिओ आणि पुढचे हजारो किलोमीटर इंटरनेट, अशी विभागणी झाली की मनात प्रश्न येतोच: मग व्हॉट्सॲप काय वाईट? त्यावर समाधानकारक उत्तर न सापडलेल्यांनी हॉटस्पॉटचा ॲडॅप्टर काढून मोबाइलला लावला. २०२१नंतर रास्पबेरी पायचा जगभर तुटवडा पडला आणि किमती चढल्या, तेव्हा बिघडलेला डबा बदलण्याचे निमित्तही गेले.

कोडप्लग

डीएमआर संच विकत घेऊन पीटीटी (बोलण्याचे बटण) दाबला आणि बोलले, असे होत नाही. त्याला कोडप्लग, म्हणजे सगळ्या चॅनेलांच्या मांडणीची फाइल, लागतो. आधी ४०४ने सुरू होणारा सात आकडी डीएमआर आयडी मिळवायचा. मग वारंवारता, ० ते १५ यांपैकी कलर कोड (रिपीटरचा ओळख-आकडा), चॅनेलच्या दोन भागांपैकी टाइमस्लॉट १ की २, टॉकग्रुप, तो टॉकग्रुप असलेली रिसीव्ह ग्रुप लिस्ट (ऐकायच्या गटांची यादी), हे सगळे जुळवून एक चॅनेल बनतो. दोन रिपीटर, एक हॉटस्पॉट आणि पाच टॉकग्रुप म्हटले की पंधरा चॅनेल झाले. ते झोनमध्ये बसवायचे आणि विंडोजवरच्या सॉफ्टवेअरमधून केबलने संचात उतरवायचे. रिसीव्ह ग्रुप लिस्टमध्ये एक टॉकग्रुप राहून गेला तर सिग्नल आल्याचा हिरवा दिवा लागतो आणि स्पीकर गप्प बसतो. दोष कुठे आहे ते संच सांगत नाही.

मॉलमधल्या सुरक्षारक्षकाच्या हातातही डीएमआर संच असतो आणि त्याचे काही अडत नाही, कारण तिथे एक तंत्रज्ञ पन्नास संच भरून देतो आणि रक्षक फक्त बटण दाबतो. व्यावसायिक वापरात ही पद्धत म्हणूनच उत्तम चालते. हॅमच्या जगात प्रत्येकाने स्वतःचा तंत्रज्ञ व्हायचे असते. ते हौसेचे काम आहे हे मान्य, पण कोडप्लग भरणे म्हणजे डेटा एंट्री, आणि तिची हौस फार दिवस टिकत नाही. दुसऱ्याचा तयार कोडप्लग मागून घेण्याची चाल पडली. त्यात रिपीटरची माहिती बदलली की दुरुस्ती कुणालाच येत नसे.

आणीबाणी

हॅम रेडिओची सार्वजनिक पत आपत्तीतल्या कामावर उभी आहे. डिसेंबर २००४च्या त्सुनामीत पोर्ट ब्लेअरला असलेल्या हॅम भारती प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंदमानचे निरोप बाहेर पोहोचवले, तेही साध्या एचएफ (दूर पल्ल्याच्या शॉर्टवेव्ह) संचांवरून. मुंबईला २६ जुलै २००५ विसरता येत नाही. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि ठिकठिकाणी फोन बंद पडले. १२ ऑक्टोबर २०२० रोजी ग्रिड बिघडून महामुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. अशा वेळी राउटर बंद म्हणजे हॉटस्पॉटही बंद.

डीएमआर रिपीटर इंटरनेटशिवायही स्थानिक काम करतो, डीएमआरच्या हँडी बॅटरीही तुलनेने कमी खातात, हे या पद्धतीच्या बाजूने सांगायला हवे. अडचण माणसांची आहे. मदतीला आलेल्या प्रत्येकाकडे तीच पद्धत, तोच कलर कोड, तोच स्लॉट असेलच असे नाही. एफएमवर एकच वारंवारता सांगितली की काम सुरू होते, कुणी बोलत असताना मध्येच ‘ब्रेक, ब्रेक’ म्हणून घुसताही येते. डीएमआरवर स्लॉट अडलेला असेल तर संच नकाराचा टोन वाजवतो.

हॅम गेले कुठे

काही परत एफएमवर. २०१२मध्ये आलेल्या बाओफेंग यूव्ही-५आरने हँडी स्वस्त केली होतीच. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरचा रिपीटरही एफएमचाच आहे: १४५.९९० मेगाहर्ट्झवर बोलायचे, ४३७.८०० वर ऐकायचे. स्थानक डोक्यावरून जाते त्या आठ-दहा मिनिटांत हातात धरलेल्या यागी अँटेनाने मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरूनही त्याच्यावर जाता येते.

बरेच जण आवाज सोडून एफटी८कडे वळले. जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँकी यांनी २०१७मध्ये आणलेली ही पद्धत १५ सेकंदांच्या पाळ्यांनी जेमतेम ५० हर्ट्झ रुंदीचा मजकूर पाठवते. एलईडी दिवे, लिफ्ट आणि चार्जर यांच्या गोंगाटाने मुंबईत एचएफवर कान बधिर होतात, पण एफटी८ त्या गोंगाटाखालून सिग्नल उपसते. खिडकीतून सोडलेली तारही पुरते, म्हणजे गच्चीचा प्रश्न इथेही सुटला आणि लहरी खरोखर समुद्रापार गेल्या. २०२४मध्ये सौर चक्राचा, म्हणजे सूर्याच्या सक्रियतेचा, उच्चांक असल्याने एचएफ पट्टे रंगात होते. गप्पा मात्र एफटी८वर होत नाहीत. कॉलसाइन, सिग्नलचा आकडा, सेव्हन्टी थ्री (म्हणजे शुभेच्छा), संपले.

डिजिटल व्हॉइस अजून आहे: परदेशातल्या मित्रांशी ठरलेल्या वेळी बोलणाऱ्यांकडे आणि प्रयोग करणाऱ्यांकडे. प्रयोगांचा रोख खुल्या व्होकोडरकडे आहे. ऑस्ट्रेलियातील डेव्हिड रो यांच्या कोडेक २ वर एचएफसाठीची फ्रीडीव्ही उभी राहिली. पोलंडमध्ये २०१९मध्ये सुरू झालेली एम१७ व्हीएचएफ-यूएचएफवर, म्हणजे सुरुवातीला सांगितलेल्या दोन पट्ट्यांसारख्या वरच्या वारंवारतांवर, तोच व्होकोडर वापरते, आणि तिचे सगळे विनिर्देश कुणालाही वाचता, बदलता येतात. लॅमिंग्टन रोडवरच्या सामानातून पुन्हा काही जोडता येईल अशी या पट्ट्यांवरची ही डिजिटल पद्धत. फक्त बाजारात तिचे तयार संच फार थोडे आहेत आणि ती चौथी चूल आहे.