कॅमेरा दिसतो, पण फोटो उतरत नाहीत

कॅमेरा केबलने लिनक्सच्या संगणकाला जोडला, फाइल्सच्या खिडकीत त्याचं नावही आलं. मग फोटो उतरवायला डिजीकॅम किंवा जीफोटो२ हा प्रोग्रॅम उघडला, तर उत्तर मिळालं: यूएसबी उपकरणाचा ताबा घेता आला नाही, त्रुटी उणे ५३. इथे बरेच जण कॅमेरा बिघडला असं समजून दुकान गाठतात, याचं मला फार वाईट वाटतं. कारण कॅमेरा बहुतेक वेळा ठणठणीत असतो.

पेन ड्राइव्ह आपली सगळी साठवण संगणकाच्या हवाली करतो. कॅमेऱ्याला तसं करणं धोक्याचं असतं. एकाच कार्डावर कॅमेरा आणि संगणक दोघेही लिहू लागले, तर कोणती फाइल कुठे आहे ही नोंदच विस्कटते. म्हणून आजचे बहुतेक कॅमेरे पीटीपी (पिक्चर ट्रान्सफर प्रोटोकॉल) या पद्धतीने संगणकाशी बोलतात. तिचं आंतरराष्ट्रीय मानक आहे आयएसओ १५७४०. कार्ड कॅमेऱ्याकडेच राहतं. संगणक यादी मागतो, मग एकेक फोटो मागतो आणि कॅमेरा तो काढून देतो. अँड्रॉइड फोन वापरतात ती एमटीपी याच पद्धतीची पुढची पायरी.

आता, यूएसबीच्या या जोडणीचा ताबा लिनक्स एका वेळी एकाच प्रोग्रॅमला देतं. ग्नोम या लिनक्सवरच्या डेस्कटॉपवर जीव्हीएफएस नावाची सेवा पडद्यामागे सतत चालू असते. कॅमेरा जोडताक्षणी ती ताबा घेते, म्हणून तर फाइल्समध्ये त्याचं चित्र उमटतं. दुसरा प्रोग्रॅम आला की त्याला दार बंद! अशा वेळी फाइल्समध्ये कॅमेऱ्याच्या नावावर उजवी टिचकी मारून तो अनमाउंट करायचा, म्हणजे जीव्हीएफएसचा ताबा सोडवायचा, केबल तशीच ठेवायची आणि मग फोटो उतरवायचे. जीव्हीएफएस आणि फोटो उतरवणारा प्रोग्रॅम दोघेही बहुधा लिबजीफोटो२ हीच लायब्ररी (तयार कोडचा संच) वापरतात, म्हणजे भांडण एकाच घरातलं.

कॅमेऱ्याचं नावच दिसत नसेल, तर टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, एलएसयूएसबी (lsusb) ही आज्ञा द्या; ती जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी देते. तिथल्या यादीतही तो नसला, तर आधी केबल बदला. फक्त चार्जिंगसाठी बनवलेल्या केबलमध्ये माहिती नेणाऱ्या तारा नसतातच.

कार्ड रीडर हा आणखी सरळ मार्ग. मात्र ६४ जीबी आणि त्यापुढची कार्डं सहसा एक्सफॅट या फाइल्स मांडण्याच्या पद्धतीची असतात. लिनक्सच्या गाभ्यात (कर्नलमध्ये) एक्सफॅट आलं २०१९च्या ५.४ आवृत्तीत, आणि २०२०च्या ५.७ मध्ये त्याची जागा सॅमसंगने लिहिलेल्या चांगल्या ड्रायव्हरने घेतली. ५.४ हून जुन्या प्रणालीवर एक्सफॅटचं पॅकेज वेगळं बसवावं लागतं.

'उतरवल्यावर कार्डावरून पुसा' या चौकटीत मात्र खूण करू नका. कॅमेऱ्यातल्या फाइलच्या नावात चारच आकडे असतात. ९९९९ झाले की मोजणी पुन्हा ०००१ पासून सुरू होते, आणि संगणकावर नवा फोटो त्याच नावाच्या जुन्या फोटोवर चढू शकतो. डिजीकॅममध्ये तारीख-वेळेवरून नाव देण्याची सोय आहे, ती चालू ठेवा. कार्ड रिकामं करायचं ते संगणकावरचे फोटो उघडून पाहिल्यानंतरच.