सिस्प्लॅटिन, मूत्रपिंडे आणि हळदीचा काढा

सिस्प्लॅटिन हे कर्करोगावरील औषध दिले जात असलेल्या रुग्णाच्या खाटेजवळ दोन गोष्टी हमखास दिसतात: स्टँडला टांगलेल्या सलाईनच्या बाटल्या आणि लघवी मोजण्याचे भांडे. या सलाईनचे प्रयोजन नातेवाइकांना क्वचितच समजावून सांगितले जाते. त्यामुळे मूत्रपिंडांचे खरे रक्षण घरून आणलेला हळदीचा काढा किंवा अँटिऑक्सिडंट (ऑक्सिजनच्या विध्वंसक रेणूंना आवर घालणाऱ्या) गोळ्याच करतील, असा समज सहज रुजतो.

प्लॅटिनमचे हे संयुग १८४५ पासून रसायनशास्त्रज्ञांना माहीत होते, पण पेशींचे विभाजन थांबवण्याची प्लॅटिनम संयुगांची क्षमता अमेरिकेतील बार्नेट रोझेनबर्ग यांना १९६५ मध्ये जिवाणूंवरील प्रयोगात अनपेक्षितपणे आढळली. १९७८ मध्ये तेथे सिस्प्लॅटिनला मान्यता मिळाली आणि वृषणाच्या कर्करोगाचे बहुसंख्य रुग्ण बरे होऊ लागले. मूत्रपिंडांना होणारी इजा ही मात्र पहिल्यापासूनच या औषधाची मोठी अडचण ठरली. आजही सुमारे एक तृतीयांश रुग्णांमध्ये ती कमीअधिक प्रमाणात दिसते.

हे औषध शरीराबाहेर जाते ते मुख्यतः मूत्रपिंडांतून. रक्तातील पदार्थ आत ओढून घेणारे वाहक मूत्रपिंडांतील सूक्ष्म मूत्रनलिकांच्या पेशींवर असतात. तेच सिस्प्लॅटिनलाही आत घेतात, आणि पेशीत त्याचे प्रमाण रक्तातील प्रमाणाच्या कित्येक पट होते. पेशीच्या आत क्लोराइड कमी असल्याने औषधाच्या रेणूतील क्लोराइडची जागा पाणी घेते आणि तो रेणू अतिशय क्रियाशील बनतो. तो डीएनएला चिकटतो, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांना बिघडवतो आणि ग्लुटाथायोन हा पेशीचा स्वतःचा अँटिऑक्सिडंट साठा संपवत नेतो. ऑक्सिजनचे विध्वंसक रेणू मग मोकाट सुटतात.

एवढे वाचल्यावर बाहेरून अँटिऑक्सिडंट द्यावे, हा विचार स्वाभाविकच वाटतो. हळदीतील कर्क्युमिन, जीवनसत्त्व ई, एन-ॲसिटिलसिस्टीन अशा अनेक पदार्थांनी उंदरांच्या मूत्रपिंडांचे रक्षण केल्याचे प्रयोग भरपूर आहेत. पण कर्क्युमिन आतड्यातून फारच कमी शोषले जाते, त्यामुळे उंदरावरून माणसाचा निष्कर्ष काढता येत नाही. त्याहून गंभीर शंका अशी, की मूत्रपिंडाच्या पेशीला वाचवणारा पदार्थ कर्करोगाच्या गाठीतल्या पेशीलाही वाचवू शकेल. काही कर्करोग पेशी ग्लुटाथायोन वाढवूनच सिस्प्लॅटिनला दाद देत नाहीत, हे माहीत असताना ही शंका झटकून टाकणे मला योग्य वाटत नाही.

या पेचातून वाट काढणारे एक औषध म्हणजे अमिफोस्टिन. किरणोत्सर्गापासून सैनिकांना वाचवण्यासाठी अमेरिकी लष्कराच्या संशोधनातून ते पुढे आले. त्याला कार्यक्षम बनवणारे विकर (एन्झाइम) निरोगी पेशींवर भरपूर, तर गाठीतल्या पेशींवर कमी असते, त्यामुळे ते निवड करू शकते. अंडाशयाच्या कर्करोगात मूत्रपिंडांच्या रक्षणासाठी १९९५ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली, परंतु तीव्र मळमळ आणि अचानक घसरणारा रक्तदाब यांमुळे ते सर्रास वापरात आले नाही. सोडियम थायोसल्फेटला २०२२ मध्ये मिळालेली मान्यता मुलांची श्रवणशक्ती जपण्यासाठी आहे, मूत्रपिंडांसाठी नव्हे. तेही सिस्प्लॅटिननंतर सहा तासांनी देतात, म्हणजे तोवर गाठीवरचे काम झालेले असते.

म्हणूनच आज खात्रीचा आधार आहे तो सलाईनचा आणि मॅग्नेशियमचा. सलाईनमुळे औषध मूत्रनलिकांतून लवकर वाहून जाते. इजा झालेल्या नलिका मॅग्नेशियम लघवीवाटे गमावतात, आणि ते भरून दिल्यास मूत्रपिंडांना होणारी हानीही कमी होते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. औषधाच्या प्रत्येक फेरीआधी रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम मंदावल्यावर वाढणारा पदार्थ) तपासतात, पण ते उशिरा वाढते, म्हणून लघवी कमी झाल्याचे घरच्यांनी लगेच कळवणे महत्त्वाचे आहे. काढा किंवा गोळ्या सुरू असतील तर तेही डॉक्टरांना न संकोचता सांगावे.

महाराष्ट्रात हा प्रश्न घरोघरी पोहोचलेला आहे, कारण तंबाखूमुळे होणाऱ्या तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगात रेडिएशनबरोबर सिस्प्लॅटिन दिले जाते. अशा वेळी तोंडात व्रण उठतात, गिळणे आणि पाणी पिणे अवघड होते, आणि वेदना सहन न होऊन मेडिकलमधून डायक्लोफिनॅकसारखी गोळी आणली जाते. शरीरात पाणी कमी असताना तीच गोळी मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा आणखी घटवते. वेदनेसाठी पॅरासिटामॉलपासून मॉर्फिनपर्यंत इतर पर्याय आहेत, आणि ते डॉक्टरांकडून मागून घेणे हा रुग्णाचा हक्क आहे.