सिनेटरचं विशेषाधिकाराचं कवच सभागृहाच्या दारापर्यंतच

‘लोकप्रतिनिधी जनतेच्या पैशाबद्दल कुठेही, काहीही बोलला तरी त्याच्यावर खटला होत नाही’ हा समज चुकीचा आहे. विस्कॉन्सिनचे सिनेटर विल्यम प्रॉक्समायर यांच्या प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1979 मध्येच तो खोडून काढला.

सरकारी उधळपट्टी उघड करण्यासाठी प्रॉक्समायर 1975 पासून ‘गोल्डन फ्लीस’ हा उपहासात्मक पुरस्कार जाहीर करत. माकडांच्या आक्रमकतेवरील संशोधनाला मिळालेल्या सरकारी अनुदानावर त्यांनी असाच ठपका ठेवला, तेव्हा त्या संशोधकाने बदनामीचा दावा लावला. सिनेटमधल्या भाषणाला अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदातील सहाव्या कलमाचं पूर्ण संरक्षण आहे. पण तोच मजकूर प्रसिद्धिपत्रकात आणि सुमारे एक लाख लोकांना पाठवलेल्या वार्तापत्रात गेला, आणि घोळ तिथेच झाला. मतदारांना माहिती देणं महत्त्वाचं असलं तरी तो सभागृहाच्या विचारविनिमयाचा आवश्यक भाग नाही, असं न्यायालय म्हणालं. शेवटी प्रॉक्समायर यांनी दहा हजार डॉलर देऊन तडजोड केली. अनुदानाचा हिशेब मागणं रास्तच होतं, पण संरक्षणाची हद्द त्यांनी ओलांडली.

आपल्याकडेही राज्यघटनेचं कलम 105 (2) संसदेत किंवा तिच्या समितीत केलेल्या वक्तव्याला आणि मतदानाला, तसंच सभागृहाच्या अधिकाराने झालेल्या प्रकाशनाला संरक्षण देतं. आमदारांसाठी कलम 194 (2) आहे. खासदाराने सभागृहातलंच वाक्य पत्रकार परिषदेत किंवा फेसबुकवर पुन्हा उच्चारलं, तर हे कलम त्याच्या मदतीला येत नाही.