एट्सीपासून तिचे कारागीर का दुरावले

11 एप्रिल 2022 रोजी एट्सी या ऑनलाइन बाजारपेठेवरील हजारो विक्रेत्यांनी आपली दुकाने आठवडाभर ‘सुट्टी’वर ठेवली. त्याच दिवशी विक्रीवरील कमिशन 5 टक्क्यांवरून 6.5 टक्के झाल्यामुळे हा संप कमिशनवाढीचा निषेध म्हणून ओळखला गेला. पण नाराजीची मुळे त्याहून बरीच जुनी होती.

2005 साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये रॉब केलिन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ही बाजारपेठ सुरू केली. विणकाम, दागिने, मातीची भांडी अशा हाताने घडवलेल्या वस्तू, किमान 20 वर्षे जुन्या वस्तू आणि हस्तकलेचे साहित्य एवढेच तेथे विकता येत असे. कारखान्यातील मालाला मज्जाव होता, आणि विक्रेत्यांची निष्ठा प्रामुख्याने याच अटीवर उभी होती, कारण आठवडा खर्चून विणलेल्या शालीला यंत्रावरच्या शालीशी किमतीची स्पर्धा करावी लागत नव्हती. ऑक्टोबर 2013 मध्ये ही अट सैल झाली: वस्तूची कल्पना विक्रेत्याची असेल, तर परवानगी घेऊन ती बाहेरच्या उत्पादकाकडून करून घेण्याची मुभा मिळाली. व्यवसाय वाढलेल्या काही विक्रेत्यांची ती खरी गरज होती, हे मान्य केले पाहिजे. पण ‘हस्तनिर्मित’ या शब्दाची सीमारेषा पुसट झाली, आणि घाऊक माल आणून विकणाऱ्यांना आवर घातला जात नाही ही तक्रार तेव्हापासून वाढत गेली.

एप्रिल 2015 मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली. नफ्यासाठी गुंतवणूकदारांचा दबाव वाढला, आणि मे 2017 मध्ये चॅड डिकरसन यांच्या जागी जॉश सिल्व्हरमन मुख्याधिकारी झाले. पुढच्याच वर्षी कमिशन 3.5 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर गेले आणि ते टपालखर्चावरही लागू झाले. 2019 मध्ये 35 डॉलरवरील खरेदीला अमेरिकेत मोफत टपाल देणाऱ्या दुकानांना तेथील शोधयादीत प्राधान्य मिळू लागले. 2020 मध्ये कंपनीने विक्रेत्यांच्या वस्तूंची इतर संकेतस्थळांवर जाहिरात सुरू केली. त्या जाहिरातीतून विक्री झाल्यास वर्षाला 10,000 डॉलरची विक्री गाठलेल्या दुकानांना 12 टक्के द्यावे लागत, आणि नकार देण्याची सोय त्यांना नव्हती.

50 डॉलरची शाल आणि 8 डॉलर टपाल असा हिशेब केला, तर 2018 पूर्वी कमिशन 1 डॉलर 75 सेंट होई. एप्रिल 2022 नंतर, अशा जाहिरातीतून आलेल्या विक्रीवर, ते जाहिरातशुल्कासह 10 डॉलर 73 सेंट झाले. वस्तू नोंदवण्याचे 20 सेंट आणि पैसे स्वीकारण्याचे शुल्क वेगळेच. तरीही माझ्या मते रकमेपेक्षा नकाराचा हक्क गेला, हे अधिक जिव्हारी लागले. आपल्या वस्तूची जाहिरात करायची की नाही आणि टपाल कोणी सोसायचे, हे ठरवणे म्हणजेच दुकानदारी.

इतके होऊनही विक्रेत्यांची संख्या घटली नाही. महामारीत घरबसल्या खरेदी वाढली आणि 2020 मध्ये कंपनीच्या सर्व बाजारपेठांवरची मिळून एकूण विक्री 10 अब्ज डॉलरच्या पुढे गेली. जुन्या विक्रेत्यांना निघून जाणेही सोपे नव्हते, कारण वर्षानुवर्षे जमवलेले ग्राहकांचे अभिप्राय आणि शोधयादीतील स्थान सोबत नेता येत नाही. त्यामुळे दुकान तिथेच ठेवून मनाने दुरावलेले विक्रेते वाढले, आणि कोणत्याही आकडेवारीत ते दिसत नव्हते. संपातील मागण्यांतही कमिशनवाढ रद्द करण्याबरोबरच घाऊक मालावर कारवाई आणि जाहिरातींना नकार देण्याची मोकळीक यांचा समावेश होता. कमिशनवाढ कायम राहिली. संपानंतर विक्रेत्यांनी स्वतःची संघटना उभारली, आणि 2023 मध्ये त्याच चळवळीतून कारागिरांच्या मालकीची एक सहकारी ऑनलाइन बाजारपेठ सुरू झाली.