पाच पन्नासची रांग

आमच्या जुन्या ऑफिसात संध्याकाळी पाच पन्नासलाच अंगठ्याच्या मशीनपुढे रांग लागायची. खांद्याला बॅग, हातात रिकामा डबा, नजर घड्याळावर. याच माणसांना मी मार्च एंडिंगला रात्री दहापर्यंत थांबताना आणि एकाच्या डब्यातली भाकरी चौघांत मोडून खाताना पाहिलं होतं. मग नवे साहेब आले, मशीन आलं, दहा मिनिटं उशीर झाला की अर्धी रजा कापली जाऊ लागली. "दोन-चार कामचुकारांनी सगळं बिघडवलंय," हे साहेबांचं निदान. (वास्तुतज्ज्ञाच्या सल्ल्याने त्यांनी केबिनही नैऋत्येला हलवली. कामचुकारांना दिशेचा काही फरक पडलेला दिसला नाही.)

कामचुकार असतातच. पण घडी विस्कटते ती बाकीच्यांमुळे. अर्थशास्त्रज्ञांचा एक लाडका खेळ आहे, माझाही. चौघे जण, प्रत्येकाकडे २० नाणी. सामाईक डब्यात टाकलेल्या एका नाण्याची १.६ होतात आणि ती चौघांत सारखी वाटली जातात. म्हणजे टाकणाऱ्याच्या हाती परत येतं जेमतेम ०.४. सगळ्यांनी सगळं टाकलं तर प्रत्येकाला ३२. एकानेच हात आखडला तर त्याला ४४, उरलेल्या तिघांना २४.

लोक सुरुवातीला बऱ्यापैकी टाकतात, मग फेरीगणिक डबा रिता होत जातो. झुरिकच्या फिशबाखर, गेख्टर आणि फेर यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना विचारलं: इतरांनी सरासरी इतकं टाकलं, तर तुम्ही किती टाकाल? साधारण ३० टक्के लोक काहीच टाकायला तयार नव्हते. निम्मे मात्र 'तुम्ही टाका, मीही टाकतो' या जातीचे निघाले. मेख इथेच आहे. हे भले लोकही इतरांपेक्षा किंचित कमीच टाकतात. समजा, दर फेरीला आधीच्या सरासरीच्या ९० टक्के: २०, १८, १६.२, १४.५८… दहा वेळा कपात झाली की उरतात सुमारे ७. गुणक १ पेक्षा कमी असला की ही श्रेढी शून्याकडेच सरकते, मग गटात एकही लबाड नसला तरी. गणिताचा कंटाळा असेल त्यांनी गळकी टाकी आठवावी.

या खेळात एकाने आधी नाणी टाकायची आणि ती इतरांना दिसायची, असा प्रकारही खेळवला गेला आहे. बाकीचे त्याच्या मागे जातात, पण थोडं कमी टाकून. साहेबाने दोनच नाणी टाकली तर पुढचं सांगायला नको.

दंड वाईटच असतो असंही नाही. खेळणाऱ्यांना एकमेकांना दंड करायची मुभा दिली, तेव्हा डबा पुन्हा भरू लागला. प्रश्न दंडातून काय ऐकू येतं याचा आहे. बोस्टनच्या अग्निशमन दलात आजारपणाच्या पगारी रजेला मर्यादा नव्हती. सोमवार-शुक्रवारच्या रजा जास्त दिसतात म्हणून आयुक्तांनी १ डिसेंबर २००१ पासून वर्षाला १५ दिवसांची मर्यादा घातली. त्या नाताळात आणि नव्या वर्षाच्या दिवशी 'आजारी' पडणाऱ्यांची संख्या आदल्या वर्षाच्या दहापट झाली. चिडून आयुक्तांनी सणाचा बोनस रोखला. पुढच्या वर्षी आजारपणाच्या रजा ६,४३२ वरून १३,४३१ वर गेल्या. आगीत उडी घेणाऱ्या माणसांना 'तुम्ही चोर आहात' असं ऐकू आलं होतं. आणि १५ हा आकडा मर्यादेऐवजी हक्काचा कोटा झाला.

इस्रायलमधल्या हैफा शहरात काही पाळणाघरांनी मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशीर जवळपास दुप्पट झाला. काही आठवड्यांनी दंड बंद केला. उशीर तेवढाच राहिला.

आमचं मशीनही एका पावसाळ्यात बिघडलं, ते महिनाभर बंदच होतं. रांग पाच पन्नासलाच लागायची.