व्हँकूव्हर संदर्भशैली

शोधनिबंधाच्या मजकुरात आधारग्रंथाच्या जागी केवळ क्रमांक घालण्याची आणि त्या क्रमांकाचा पूर्ण तपशील निबंधाच्या शेवटी संदर्भसूचीत देण्याची, मुख्यतः वैद्यकीय नियतकालिकांत रूढ असलेली पद्धत. कॅनडातील ज्या शहरात तिचे नियम ठरू लागले त्याच्यावरून तिला हे नाव पडले.

जानेवारी १९७८ मध्ये काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक व्हँकूव्हर येथे अनौपचारिक बैठकीसाठी जमले. ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’चे एडवर्ड हथ आणि ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’चे स्टीफन लॉक हे या प्रयत्नातील प्रमुख. तोवर प्रत्येक नियतकालिकाची संदर्भ लिहिण्याची तऱ्हा वेगळी होती. एका ठिकाणाहून निबंध साभार परत आला की दुसरीकडे पाठवण्यापूर्वी सूचीतील नावे, वर्षे, विरामचिन्हे यांचा क्रम बदलावा लागे. टंकलेखन यंत्राच्या काळात याचा अर्थ पाने पुन्हा टंकित करणे असा होता, आणि हे काम बहुधा विभागातल्या टंकलेखिकेच्या वाट्याला येई. संपादकांनी ठरवले, की हस्तलिखित एका ठरावीक साच्यात आले तर आपण सगळे ते स्वीकारू. हे नियम १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले. संदर्भांचा साचा अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने तयार केला होता. पुढे या गटाचा विस्तार होऊन वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती बनली. ‘आयसीएमजेई’ या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते.

या शैलीत क्रमांक लेखकांच्या वर्णानुक्रमाने नव्हे, तर मजकुरात संदर्भ ज्या क्रमाने येतात त्या क्रमाने दिले जातात. एकदा मिळालेला क्रमांक त्या संदर्भाला कायम चिकटतो. दहा पानांनंतर तोच लेख पुन्हा आला तरी क्रमांक तोच. त्यामुळे मराठी प्रबंधांच्या तळटीपांत भेटणाऱ्या ‘तत्रैव’ची (म्हणजे ‘त्याच ठिकाणी’ या खुणेची) येथे गरजच उरत नाही. क्रमांक कंसात घालावा की ओळीच्या किंचित वर, हे मात्र प्रत्येक नियतकालिक आपापले ठरवते. नवख्या लेखकाकडून हमखास सुटणारी एक बाब म्हणजे तक्ते. एखादा संदर्भ फक्त तक्त्यातच असेल, तर त्या तक्त्याचा उल्लेख मजकुरात जेथे प्रथम येतो त्या जागेवरून त्याचा क्रमांक ठरतो.

सूचीतील नोंद कशी असते हे डीएनएच्या रचनेवरील प्रसिद्ध लेखावरून पाहता येईल:

वॉटसन जेडी, क्रिक एफएच. मॉलिक्युलर स्ट्रक्चर ऑफ न्यूक्लिइक अ‍ॅसिड्स. अ स्ट्रक्चर फॉर डीऑक्सिरायबोज न्यूक्लिइक अ‍ॅसिड. नेचर. १९५३;१७१(४३५६):७३७-८.

आडनाव आधी, मग आद्याक्षरे. आद्याक्षरांमध्ये टिंब नाही. वर्षानंतर अर्धविराम, मग खंड, कंसात अंक, अपूर्णविराम आणि पृष्ठे. वर्षापासून पृष्ठांपर्यंत कुठेही मोकळी जागा नाही. ‘७३७-८’ म्हणजे ७३७ ते ७३८. शेवटच्या पृष्ठाचे बदललेले अंकच तेवढे लिहायचे. ‘नेचर’सारखे एकशब्दी नाव पूर्ण राहते, बाकीच्यांचा नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या सूचीप्रमाणे संक्षेप होतो. मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय व केईएम रुग्णालयातून १९५५ पासून निघणारे ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ सूचीत ‘जे पोस्टग्रॅड मेड’ होते. हा संक्षेप मनाने करू नये, सूचीत पाहूनच घ्यावा. लेखक सहाहून अधिक असतील तर समितीच्या नमुन्यात पहिली सहा नावे देऊन पुढे ‘एट अल.’ (आणि इतर) लिहितात, काही नियतकालिके तिनावरच थांबतात.

आडनाव आणि आद्याक्षरे एवढ्यावर माणूस ओळखायचा, हा या साच्याचा खरा कच्चा दुवा आहे. आपल्याकडे तो लगेच जाणवतो. ‘पाटील एस’ किंवा ‘जोशी ए’ या नावाखाली कितीतरी वेगवेगळ्या संशोधकांचे लेख एकत्र येतात. वडिलांच्या नावाचे आद्याक्षर कधी लिहिले, कधी गाळले, तर एकाच व्यक्तीचे दोन लेखक होतात. लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकेचे आधीचे काम तर सूचीपुरते तिच्यापासून तुटतेच. २०१२ पासून मिळू लागलेला ‘ऑर्किड’ हा संशोधकाचा कायमचा ओळखक्रमांक यावर चांगला उपाय आहे. पहिल्या निबंधापासून नाव एकाच रूपात लिहिणे हेही तितकेच आवश्यक.

दुसरी अडचण क्रमांकांचीच. चौथ्या परिच्छेदात नवा संदर्भ घुसला की त्यापुढचे सगळे क्रमांक सरकतात. झोटेरो, एंडनोट, मेंडेले यांसारखी सॉफ्टवेअर हे काम आता क्षणात करतात. पण ती नोंदीतील चूक दुरुस्त करत नाहीत, चुकीचा खंड सुबक साच्यात बसवून देतात. लेखक व वर्ष मजकुरातच देणाऱ्या हार्वर्ड शैलीत क्रमांक सरकण्याचा त्रास नाही. तिचा उगम हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड मार्क यांच्या १८८१ च्या लेखात सांगितला जातो. वाचकाला कोणाचे आणि केव्हाचे मत हे तेथे जागीच कळते, तर व्हँकूव्हर शैलीत वाक्य अखंड वाचता येते.

साचा बिनचूक असूनही संदर्भ कसा दगा देतो, याचे सर्वांत वेदनादायक उदाहरण ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’च्या ३०२ व्या खंडात पृष्ठ १२३ वर आहे. १९८० सालचे ते पाच वाक्यांचे पत्र. अफूवर्गीय औषध मिळालेल्या ११,८८२ रुग्णांपैकी केवळ चौघांत व्यसन नोंदले गेले, असे त्यात म्हटले होते. हे रुग्ण रुग्णालयात दाखल असलेले होते. घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांविषयी पत्र काहीच सांगत नव्हते. २०१७ मध्ये त्याच नियतकालिकात आलेल्या पाहणीनुसार हे पत्र ६०८ वेळा उद्धृत झाले. त्यांपैकी ७२.२ टक्के लेखनांत ते व्यसन क्वचितच लागते याचा पुरावा म्हणून वापरले होते आणि ८०.८ टक्के लेखनांत रुग्ण दाखल होते याचा उल्लेखच नव्हता. एकाच्या सूचीतून दुसऱ्याच्या सूचीत नोंद उतरत गेली, एका पृष्ठाचा मूळ मजकूर उघडून न पाहता. उत्तर अमेरिकेतील अफूवर्गीय औषधांच्या संकटाला या उद्धरणांनी हातभार लावला, असा त्या पाहणीचा निष्कर्ष होता.

म्हणूनच समितीच्या शिफारशींत विरामचिन्हांहून महत्त्वाचा भाग संदर्भांच्या पडताळणीचा आहे. शक्य तेथे मूळ संशोधनच उद्धृत करावे, इतरांच्या संशोधनाचा आढावा घेणाऱ्या परीक्षणलेखांवर सगळी भिस्त नसावी. नोंदी मूळ लेखाशी किंवा विश्वासार्ह सूचीशी ताडून पाहाव्यात. कोणी तोंडी वा पत्राने कळवलेली माहिती सूचीत जात नाही; अगदीच आवश्यक असेल तर त्या व्यक्तीची लेखी परवानगी घेऊन ती मजकुरातच कंसात देतात. छापण्यासाठी स्वीकारलेला पण अजून न निघालेला लेख तसे नमूद करून सूचीत घेता येतो. नुसता पाठवलेला, स्वीकृती न मिळालेला लेख घेता येत नाही. मागे घेतला गेलेला लेख आधार म्हणून वापरू नये. तो मागे घेतला गेला या घटनेविषयीच लिहायचे असेल, तर त्याच्या नोंदीतच तसे स्पष्ट लिहावे लागते.