ऑफिसच्या खात्यावर टू-फॅक्टर ऑथेंटिकेशन : पात्रता, लागणाऱ्या गोष्टी आणि नोंदणीची पद्धत

आयटी विभागाचा मेल येतो, 'अमुक तारखेपर्यंत टू-फॅक्टर सुरू करा' (म्हणजे साइन इन करताना पासवर्डनंतर फोनवरच्या कोडसारखा दुसरा पुरावाही द्यायचा), आणि बहुतेक जण तो शेवटच्या दिवसापर्यंत तसाच ठेवतात. खरे तर नोंदणीला दहा-पंधरा मिनिटे पुरतात. लोक अडकतात ते नंतर, फोन हरवल्यावर किंवा बदलल्यावर. त्या वेळी आत शिरायची दुसरी वाट नोंदणीच्याच बैठकीत तयार करून ठेवायची असते, आणि नेमके तेच राहून जाते. म्हणून इथे त्या भागाला जास्त जागा दिली आहे.

कोणाला करता येते?

कंपनीचे किंवा संस्थेचे चालू खाते असलेल्या कोणालाही. मात्र वैयक्तिक खात्यात सगळे तुमच्या हातात असते, तसे इथे नसते. एसएमएस चालेल की फक्त ऑथेंटिकेटर अ‍ॅप (फोनवर कोड दाखवणारे अ‍ॅप), सिक्युरिटी की (संगणकाला किंवा फोनला जोडायची छोटी चावी) सक्तीची आहे का, हे अ‍ॅडमिन, म्हणजे खाती सांभाळणारा आयटीचा माणूस, ठरवतो. एखादा पर्याय तुमच्या स्क्रीनवर दिसतच नसेल तर तो बहुधा अ‍ॅडमिनने बंद ठेवलेला असतो. सेटिंगमध्ये शोधत बसण्यापेक्षा हेल्पडेस्कला विचारावे. मुदतही गांभीर्याने घ्या. गुगल वर्कस्पेसमध्ये (ऑफिससाठीच्या गुगल खात्यांत) सक्ती लागू झाल्यावर नोंदणी न केलेला माणूस थेट बाहेर राहतो, मग अ‍ॅडमिनने मदत केल्याशिवाय आत येता येत नाही.

तिघे-चौघे मिळून वापरतात ते सामायिक खाते ही वेगळीच डोकेदुखी. कोड एकाच्या फोनवर आणि तो माणूस रजेवर! अशा खात्याला कोणाचा तरी फोन जोडून वेळ मारून नेऊ नका. प्रत्येकाला स्वतःच्या खात्यातून त्या मेलबॉक्सचा अधिकार देता येतो. तशी मागणी अ‍ॅडमिनकडे करा.

कागदपत्रे कोणती?

नोंदणीसाठी सहसा एकही नाही. 'टू-फॅक्टरसाठी ओळखपत्राचा फोटो पाठवा' असा मेल आला तर आधी त्या मेलवरच संशय घ्या. जवळ हवे ते एवढेच : चालू पासवर्ड, स्वतःचा फोन, शक्यतो वेगळा संगणक आणि बॅकअप कोड (फोन जवळ नसताना वापरायचे राखीव कोड) ठेवायला सुरक्षित जागा. ओळखीचा पुरावा लागतो तो पुढे, सगळे मार्ग बंद होऊन खाते रीसेट करायची वेळ आली तर. तेव्हा कर्मचारी क्रमांक, ओळखपत्र, वरिष्ठांची मंजुरी किंवा व्हिडिओ कॉल यांपैकी काय मागायचे, हे प्रत्येक संस्था आपल्या नियमाप्रमाणे ठरवते.

स्वतःच्या फोनवर ऑफिसचे अ‍ॅप टाकायला अनेकांचा नकार असतो. ऑथेंटिकेटर अ‍ॅपमुळे कंपनीला तुमचे फोटो किंवा मेसेज दिसत नाहीत. पण त्याच्याबरोबर फोनच कंपनीच्या व्यवस्थापनाखाली नोंदवायला सांगितले, तर तो वेगळा विषय आहे. परवानग्या नीट वाचून मगच होकार द्या. ते नको असेल तर सिक्युरिटी की मागता येते.

कोणता मार्ग निवडावा?

एसएमएस सोपा, पण सगळ्यांत कच्चा. तुमच्या नंबरचे दुसरे सिम कोणी फसवून मिळवले की कोड त्याच्याकडे जातात. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानके ठरवणाऱ्या संस्थेने २०१७च्या मार्गदर्शक सूचनांत या मार्गाला 'मर्यादित' गटात टाकले ते अशाच धोक्यांमुळे. तरीही काहीच नसण्यापेक्षा एसएमएस कितीतरी बरा. गुगलने २०१९मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार रिकव्हरी नंबरवर (खाते परत मिळवण्यासाठी दिलेल्या फोन नंबरवर) पाठवलेल्या कोडने घाऊक फिशिंगचे, म्हणजे खोट्या मेल आणि संकेतस्थळांवरून पासवर्ड काढून घेण्याचे, ९६ टक्के हल्ले अडवले. नेमक्या व्यक्तीवर रोखलेल्या हल्ल्यांत मात्र प्रमाण ७६ टक्क्यांवर आले.

सर्वसाधारण कर्मचाऱ्याने ऑथेंटिकेटर अ‍ॅप घ्यावे. पैशांचे व्यवहार किंवा अ‍ॅडमिनचे अधिकार हाती असतील तर सिक्युरिटी की किंवा पासकी (फोन किंवा संगणकातच साठवलेली तशीच डिजिटल किल्ली). खोट्या संकेतस्थळावर कोड टाइप करण्याची चूक कोणाकडूनही होऊ शकते. की मात्र आधी पत्ता तपासते आणि तो जुळला नाही तर उत्तरच देत नाही.

नोंदणी

संगणकावर ऑफिसच्या खात्यात साइन इन करा. गुगल वर्कस्पेसमध्ये खात्याच्या 'सुरक्षा' विभागात टू-स्टेप व्हेरिफिकेशन असते. मायक्रोसॉफ्टमध्ये 'सिक्युरिटी इन्फो' पानावर जाऊन 'अ‍ॅड साइन-इन मेथड' दाबायचे. सक्ती असेल तर साइन इन करतानाच 'आणखी माहिती हवी' अशा अर्थाची सूचना येते आणि तिथूनच पुढे जाता येते. अ‍ॅप मात्र फोनच्या अधिकृत स्टोअरमधूनच घ्या, मेलमधल्या लिंकवरून नको.

स्क्रीनवर क्यूआर कोड येतो. तो फोनच्या साध्या कॅमेऱ्याने नाही, अ‍ॅपमधल्या अधिक चिन्हातून स्कॅन करायचा. सगळे काम फोनवरच करत असाल तर स्वतःच्याच स्क्रीनवरचा कोड स्कॅन कसा करणार? त्यासाठी क्यूआरखाली 'स्कॅन करता येत नाही' अशी लिंक असते. ती दाबली की अक्षरे-अंकांची लांब सेटअप की मिळते. ती अ‍ॅपमध्ये चिकटवा. या क्यूआरचा स्क्रीनशॉट काढून गॅलरीत ठेवू नका. त्यात तुमची गुप्त किल्ली असते आणि तो ज्याच्या हाती लागेल त्याला तुमचेच कोड काढता येतात.

आता अ‍ॅपमध्ये सहा अंक दिसतील आणि बाजूला सरकणारे वर्तुळ. वर्तुळ संपत आले असेल तर घाई करू नका, पुढचा कोड येऊ द्या. ही गुप्त किल्ली आणि चालू वेळ यांच्या हिशोबातून दर ३० सेकंदांनी नवा कोड तयार होतो. त्याला नेटवर्क लागत नाही, विमानातही चालतो. पण फोनचे घड्याळ एक-दोन मिनिटे जरी चुकले तरी बरोबर टाकलेला कोड 'चुकीचा' ठरतो. असे झाले तर तारीख-वेळ 'स्वयंचलित' करा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागते.

इथेच थांबू नका

पहिला कोड चालला की खिडकी बंद करायचा मोह होतो. ती उघडीच ठेवा आणि आणखी एक मार्ग जोडा : दुसरा फोन, दुसरी की, नाहीतर बॅकअप कोड. गुगल एका वेळी आठ अंकी दहा कोड देते. प्रत्येक एकदाच चालतो आणि नवा संच काढला की जुना रद्द होतो. ते छापून कुलपात ठेवा किंवा पासवर्ड मॅनेजरमध्ये (पासवर्ड जपून ठेवणाऱ्या अ‍ॅपमध्ये). त्याच ऑफिसच्या मेलमध्ये ठेवले तर उपयोग शून्य, कारण खाते बंद तर मेलही बंद. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस खात्याला असे छापील कोड मिळत नाहीत. तिथे दुसरा मार्ग जोडून ठेवा. तोही नसेल तर अ‍ॅडमिन थोड्या वेळापुरता 'टेम्पररी अ‍ॅक्सेस पास' देऊ शकतो.

मग ब्राउझरची खासगी विंडो उघडून एकदा साइन इन करून बघा, तेही दुसऱ्या मार्गाने.

न मागितलेली सूचना आली तर

काही ठिकाणी कोडऐवजी फोनवर साइन इन मंजूर करण्याची सूचना येते. सप्टेंबर २०२२मध्ये उबरमध्ये हल्लेखोर घुसला तो अशाच सूचनेतून. एका कंत्राटी कर्मचाऱ्याचा पासवर्ड त्याच्याकडे होता. त्याने पुन्हा पुन्हा साइन इनचा प्रयत्न केला आणि फोनवर आलेल्या विनंत्यांपैकी एक त्या कर्मचाऱ्याने अखेर मंजूर केली. मायक्रोसॉफ्टने मे २०२३पासून अशा सूचनेत स्क्रीनवरचा अंक फोनवर टाइप करण्याची सक्ती केली. तुम्ही साइन इन करत नसताना विनंती आली तर नाकारा, पासवर्ड बदला, आयटीला कळवा. आणि फोनवर कोड मागणारा माणूस स्वतःला हेल्पडेस्कचा म्हणवत असला तरी कोड सांगू नका. खऱ्या हेल्पडेस्कला त्याची गरज नसते.

फोन बदलताना

जुना फोन पुसण्याआधी नव्यावर नोंदणी करा. अ‍ॅपचा बॅकअप परत आला म्हणजे ऑफिसचे खातेही आले असे धरू नका. अनेकदा त्यात पुन्हा साइन इन करावे लागते आणि त्यासाठी जुना फोनच हवा असतो. नव्या फोनवरून एकदा साइन इन जमले की खात्याच्या यादीतून जुन्याची नोंद काढा. फोन हरवला असेल तर त्याच दिवशी आयटीला सांगून ती नोंद आणि सगळीकडची चालू सत्रे (जिथे जिथे खाते उघडे आहे ती साइन इन) बंद करून घ्या.